पायांचा रक्तपुरवठा आणि स्वायत्त नसांच्या चाचण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, बीड, परभणी, नांदेड, जालना, धाराशिव अशा ठिकाणांहून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत, कारण एका उत्तराचा धागा बऱ्याचदा दुसऱ्या उत्तरात सापडतो.

१. या चाचण्यांत नेमकं काय तपासतात? सुई टोचतात का?

सुई नाही, रक्त काढणं नाही, भूल नाही. पण "नसांची तपासणी" या एकाच नावाखाली तीन वेगळे प्रश्न विचारले जातात. पायापर्यंत रक्त पोचतंय का, हा पहिला. त्यासाठी एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर), पायाच्या अंगठ्याचा दाब आणि डॉपलर (वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र). स्पर्श, कंप कळतोय का, हा दुसरा. त्यासाठी मोनोफिलामेंट (नायलॉनचा तंतू) आणि बायोथेसिओमीटर (कंप देणारं यंत्र). तिसरा प्रश्न स्वायत्त नसांचा, म्हणजे नाडी, बीपी, घाम, पचन, लघवी हे सगळं आपल्याला न विचारता चालवणाऱ्या नसांचा.

एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. पाय गरम, नाडी ठणठणीत, आणि तरी चालताना चप्पल कधी निसटली हे माणसाला कळलेलं नसतं. हे रोज दिसतं.

२. मला काहीच त्रास नाही, फक्त शुगर आहे. तरी करायची?

हो. टाइप २ मधुमेहात निदान झाल्याबरोबर आणि पुढे दरवर्षी. टाइप १ मध्ये निदानानंतर ५ वर्षांनी सुरुवात. हा फरक यासाठी की टाइप २ कळायच्या आधी साखर कित्येक वर्षं वाढलेली असू शकते. नसा तेवढा काळ मुरलेल्या असतात.

आणि "काहीच त्रास नाही" हे जरा तपासून घ्या. बसल्या जागीही नाडी १०० च्या वर, जेवताना कपाळावर आणि मानेवर धारा पण तळपाय कोरडे ठक्क, दोन घासांत पोट भरणं, लघवी साठून राहणं, पुरुषांमध्ये ताठरता न येणं, साखर उतरली तरी थरथर किंवा घाम न येणं. यातली एकही गोष्ट लोक "नसांची तक्रार" म्हणून सांगत नाहीत. शेवटची सगळ्यात धोक्याची, कारण साखर उतरल्याचा इशाराच मिळत नाही.

३. एबीआय कसा काढतात? आकडा कुठून येतो?

घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब. करायची पद्धत मात्र काटेकोर आहे, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

आधी ५ ते १० मिनिटं सपाट पडून राहायचं. बसून केलेला एबीआय फुकट, कारण पाय खाली लोंबले की घोट्याचा दाब आपोआप वाढतो. पायजमा किंवा नऊवारी गुडघ्यापर्यंत वर घ्यावी लागते. गुंडाळलेल्या कपड्याचा वेढा घट्ट बसत असेल तर तो सैल करा. बीपीच्या पट्ट्याची रुंदी त्या जागेच्या घेराच्या निदान ४० टक्के हवी. बारीक पट्टा जाड पायावर बांधला की दाब खोटा जास्त येतो. घोट्याच्या आतल्या हाडाच्या साधारण २ सेंटिमीटर वर पट्ट्याची खालची कड येते.

मग जेल लावून डॉपलरची पेन्सिल तिरकी धरतात. हुश्श-हुश्श आवाज सापडला की पट्टा फुगवायचा, आवाज बंद झाल्यावर आणखी २० मिमी (पाऱ्याचे, म्हणजे बीपीच्याच एककात) वर न्यायचं, आणि सेकंदाला साधारण २ मिमी या संथ गतीनं हवा सोडायची. आवाज परत आला तो आकडा लिहायचा. घोट्यावर स्टेथोस्कोपनं हे जमत नाही. प्रत्येक पायाच्या दोन धमन्या मोजतात, एक घोट्यामागची आणि एक पावलावरची, दंड दोन्ही.

उदाहरण घ्या. दंड उजवा १३८, डावा १४२. उजवा घोटा १२० आणि ११२. मोठा घोटा भागिले मोठा दंड: १२० ÷ १४२ = ०.८५. डावीकडे १५० ÷ १४२ = १.०६. उजव्या पायात अडथळा आहे, डावा ठीक.

१.०० ते १.४० नॉर्मल, ०.९१ ते ०.९९ काठावर, ०.९० किंवा कमी म्हणजे धमनीचा आजार. काही ठिकाणी घोट्याचा लहान आकडा धरतात, त्यामुळे जास्त रुग्ण सापडतात पण खोटी धास्तीही वाढते. रिपोर्टवर दोन्ही घोट्यांचे चारही मूळ आकडे लिहून मागा, नुसता "०.८५" हातात घेऊन घरी येऊ नका. पावलावरची नाडी काही लोकांत जन्मतःच नसते, तेव्हा ती एक न सापडणं हा आजार नव्हे.

दोन्ही दंडांत १५-२० मिमीहून जास्त फरक आला तर हाताच्याच धमनीत अडथळा असू शकतो. ते डॉक्टरांच्या नजरेला आणून द्या.

४. माझा एबीआय १.४६ आला. "एकच नंबर रक्तपुरवठा" असं सांगितलं. खरं का?

नाही. १.४० च्या वर गेलेला आकडा म्हणजे धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठलंय आणि पट्टा तिला दाबूच शकत नाही. लोखंडी नळीवर पट्टा बांधल्यासारखं. आत रक्त किती वाहतंय, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. जुना मधुमेह आणि किडनीचा आजार असलेल्यांत हे नेहमीचं.

अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजतात, कारण बोटांच्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. अंगठा भागिले दंड ०.७० किंवा कमी असेल तर बिघाड. जखम असेल तर नुसता दाबही पाहतात. अंगठ्यात ३० मिमीच्या खाली गेला की पाय धोक्यात.

यातली मधली अवस्था जास्त फसवी. धमनी अर्धवट कडक आणि अर्धवट बंद असेल तर आकडा १.०५ असा साळसूद येतो. दहा-पंधरा वर्षांची शुगर आणि पायाला न भरणारी जखम असेल, तर नॉर्मल एबीआयवर विसंबू नका; अंगठ्याचा दाब मागून घ्या.

५. एबीआय नॉर्मल आहे, पण बांधावरून चालताना पोटरीत गोळा येतो. का?

बसल्या जागी लागणारं रक्त अरुंद धमनीतूनही पोचतं. चालताना मागणी वाढते आणि तिथं कमी पडतं. म्हणून चालवून पुन्हा मोजतात. ट्रेडमिल असेल तर त्यावर, नसेल तर भिंतीला हात टेकून टाचा ५० वेळा उचलायला लावतात आणि लगेच झोपवून मोजतात. घोट्याचा दाब ३० मिमीहून जास्त पडला किंवा एबीआय २० टक्क्यांहून जास्त उतरला तर अडथळा आहे.

मणक्यातूनही असंच दुखतं. फरक असा: धमनीचं दुखणं नुसतं उभं राहिलं तरी दोन-चार मिनिटांत ओसरतं आणि दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर येतं. मणक्याचं दुखणं बसल्याशिवाय किंवा पुढं वाकल्याशिवाय जात नाही. सायकल निवांत चालवता येते पण पायी चालवत नाही, असं असेल तर आधी मणका पाहा.

६. बायोथेसिओमीटरवर २८ आलं. म्हणजे काय?

अंगठ्याच्या गादीवर थरथरणारा दांडा ठेवतात आणि व्होल्टेज ० ते ५० पर्यंत हळूहळू वाढवतात. "आता कळलं" म्हणालात तो आकडा. १५ च्या आत चांगलं, २५ च्या वर पायाला जखम होण्याचा धोका ठळकपणे वाढतो. २८ म्हणजे तुम्ही धोक्याच्या गटात आहात, पाय आजच जाणार असा त्याचा अर्थ नाही.

पण तीन रीडिंग घेतली होती का, ते विचारा. आधी हातावर कंप दाखवायला हवा, म्हणजे काय ओळखायचंय ते कळतं. दांडा स्वतःच्या वजनानंच टेकवायचा. दाबला की आकडा बदलतो. सूज असेल, घट्टा असेल, वय जास्त असेल तर आकडा चढतो. अनवाणी शेती केलेल्या पायाला टाचेपासून चवड्यापर्यंत जाड कातडी असते, तिथं हा घोटाळा फार.

हाच नियम मोनोफिलामेंटला. तो नायलॉनचा तंतू वाकला की बरोबर १० ग्रॅम दाब पडतो. घट्ट्यावर टोचू नये, त्याच्या कडेला टेकवावा. डोळे मिटलेले हवेत आणि "लागलं का?" असं विचारण्याऐवजी "कुठं लागलं?" असं विचारायला हवं, नाहीतर माणूस भिडेखातर हो म्हणत राहतो. एकच तंतू शिबिरात पन्नास जणांवर वापरला तर तो मऊ पडतो. साधारण दहा जणांनंतर त्याला दिवसभर विश्रांती लागते.

७. स्वायत्त नसांची तपासणी कशी होते? श्वास घ्यायला का लावतात?

ईसीजीच्या तारा लावून पाच गोष्टी करायला लावतात. एडिंबरोच्या इविंग यांच्या नावानं हा संच ओळखला जातो.

खोल श्वास: ५ सेकंद आत, ५ सेकंद बाहेर, मिनिटाला ६. निरोगी माणसाची नाडी श्वास घेताना चढते, सोडताना उतरते. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी नाडीत १५ किंवा जास्त फरक चांगला, १० किंवा कमी बिघडलेला. ८४ आणि ७१ आले तर फरक १३, म्हणजे काठावर. हा फरक वयानुसार घटतो, तेव्हा ६८ वर्षांच्या माणसाला पंचविशीच्या पट्टीनं मोजू नये. इतका सोपा प्रकार, तरी सगळ्यात जास्त बिघडतो तो घाईमुळे. मिनिटाला ६ ऐवजी १२ श्वास झाले की चांगल्या माणसाचाही फरक आटतो.

उभं राहणं: झटकन उठल्यावर १५ व्या ठोक्याजवळ नाडी सर्वांत वेगवान आणि ३० व्या ठोक्याजवळ मंद होते. त्यांचं गुणोत्तर १.०४ किंवा जास्त हवं.

जोर लावून फुंकणं: नळीत ४० मिमी दाब १५ सेकंद टिकवायचा. फुंकतानाच्या वेगवान आणि नंतरच्या मंद नाडीचं गुणोत्तर १.२१ किंवा जास्त नॉर्मल. गाल फुगवून दाब टिकवला तर चाचणी खोटी, म्हणून नळीला बारीक छिद्र ठेवतात. कोणी फुंकू नये ते प्रश्न १२ मध्ये.

चौथी मूठ आवळून धरायची, पाचवी उभं राहिल्यावरचं बीपी. पाचवीला ईसीजीचं मशीन लागत नाही. गंमत अशी की नेमकी हीच सगळ्यात जास्त वेळा वगळली जाते. तिच्यासाठी पुढचा प्रश्न.

८. उठल्यावर डोळ्यापुढं अंधारी येते. घरी काही मोजता येईल का?

येईल, आणि सगळ्यात जास्त कामाची माहिती यातूनच मिळते. दंडाचं डिजिटल बीपी मशीन पुरे, मनगटाचं नको.

सकाळी, चहाच्या आधी. ५ मिनिटं सपाट पडा. बीपी आणि नाडी लिहा. उभे राहा, बसून वेळ घालवू नका. १ मिनिटानं आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. उभं असताना हात छातीच्या उंचीवर आधारानं धरा. लोंबता ठेवला तर आकडा वाढतो आणि पडलेलं बीपी झाकलं जातं. घरातलं कुणीतरी शेजारी उभं हवं. भोवळ आली तर बसा; मोजणी पूर्ण करण्याचा हट्ट नको.

वरचं बीपी २० किंवा खालचं १० मिमीनं उतरलं तर दोष आहे. आता नाडी बघा, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

पहिला माणूस: झोपून १४८, नाडी ७८, उभं ११८, नाडी ८२. बीपी ३० नं पडलं, नाडी फक्त ४ नं वाढली. दुसरा: १२८ वरून १०४, नाडी ८० वरून १०४. बीपी २४ नं पडलं आणि नाडीही २४ नं वाढली. दुसऱ्याच्या नसा शाबूत आहेत, त्याच्या अंगात पाणी कमी आहे. पहिल्याच्या नसांना बीपी पडल्याची खबरच लागली नाही. नाडीतली वाढ भागिले बीपीतली घट ०.५ पेक्षा कमी असेल तर दोष नसांकडे बोट दाखवतो. ही फूटपट्टी नाडी मंदावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना लागू नाही.

मे महिन्यात ४२-४३ अंशांत रानातून आलेला कुणीही दुसऱ्या माणसासारखा दिसेल. दोन दिवस पाणी, ताक, मीठ नीट घेऊन पुन्हा मोजा. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर मीठ-पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

९. चाचणीच्या दिवशी काय पाळायचं? गोळ्या बंद करायच्या का?

गोळी स्वतःहून बंद करू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. मेटोप्रोलोलसारख्या नाडी मंदावणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन, पायाच्या आगीसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, लघवीच्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्या या सगळ्यांनी आकडे हलतात. काय थांबवायचं ते लिहून देणाऱ्यानं ठरवायचं.

स्वायत्त नसांसाठी आदल्या रात्रीपासून चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री, बिडी बंद. एबीआयसाठी तंबाखू निदान २ तास आधी बंद पुरते. पोटभर जेवून जाऊ नका, हलकं खाऊन २-३ तासांनी जा. उपाशीही जाऊ नका, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी. आदल्या दिवसात साखर खूप उतरली असेल तर तारीख पुढं ढकला. एकादशी, नवरात्राचा उपवास सोडून दुसरा दिवस निवडा.

एसटीनं तीन तास उभ्यानं येऊन लगेच झोपलात तर पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच मोजू देऊ नका. खोली २२ ते २४ अंशांची असावी. थंडीत गार पडलेल्या पायाच्या बोटांत दाब कमी दिसतो. पाय पांघरुणात ऊबदार होऊ द्या.

१०. हातपाय धातूच्या पाट्यांवर ठेवून घाम मोजतात ते मशीन खरं असतं का?

तत्त्व खरं आहे. घामग्रंथींच्या नसा अतिशय बारीक असतात आणि लवकर बिघडतात. ४ व्होल्टपेक्षा कमी विजेवर तळहात-तळपायाची वाहकता मोजतात, ३ मिनिटांत होतं. एकक मायक्रोसीमेन्स. तळपायांना ६० च्या वर चांगलं, ४० च्या खाली बरंच बिघडलेलं. तेल, मलम धुऊन जायचं. भेगाळलेल्या पायावर आकडा खोटा कमी येऊ शकतो.

मात्र हा आकडा एकट्यानं निदान करत नाही आणि हृदयाबद्दल काही सांगत नाही. हातात दांडी धरून किंवा बोटात चिमटा लावून "किडनी, लिव्हर, नसा, सगळं एका मिनिटात" असा पंचवीस पानी रिपोर्ट देणारी शिबिरातली मशीन ही वेगळीच जात. शेवटच्या पानावर औषधाच्या डब्याची किंमत असेल तर वरची चोवीस पानं वाचण्यात वेळ घालवू नका.

११. एनसीव्ही नॉर्मल आली, तरी रात्री तळपायांची आग होते. डॉक्टर म्हणतात मनाचं आहे.

मनाचं असेलच असं नाही. एनसीव्ही ही नसांतून संदेश किती वेगानं जातो ते पाहणारी चाचणी, आणि ती जाड नसांचाच वेग मोजते. आग, टोचणी, घाम यांच्या नसा बारीक असतात आणि त्या या चाचणीत दिसतच नाहीत. घामाची चाचणी (प्रश्न १०), गरम-गार ओळखण्याची चाचणी आणि उभं राहून बीपी मागा. सोबत बी-१२ तपासा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत आणि शाकाहारी लोकांत ते कमी सापडतं आणि भरून काढता येतं. दारू असेल तर सांगा. अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती आधी.

१२. कुणी या चाचण्या करू नयेत?

फुंकण्याची चाचणी: डोळ्याच्या पडद्यातून रक्तस्राव होणारे, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेले, नुकताच हार्ट ॲटॅक आलेले. घोट्याचा पट्टा: पायाच्या शिरेत ताजी गुठळी असल्याचा संशय, किंवा पट्ट्याखाली उघडी जखम. बायपास केलेली नळी पट्ट्याखाली येत असेल तर आधी सर्जनला विचारा. धातूच्या पाट्यांची चाचणी: पेसमेकर असलेले आणि गरोदर स्त्रिया. नाडी मुळातच अनियमित असेल, म्हणजे एट्रिअल फिब्रिलेशन, तर प्रश्न ७ मधले नाडीचे सगळे आकडे निरर्थक. फक्त बीपीचे धरा.

१३. वय ३२, शुगर नाही, बिडी आहे. पायाचं बोट काळं पडतंय.

चाचणीची तारीख घेत बसू नका, आजच दाखवा. तरुण, तंबाखू-बिडी ओढणारा आणि बोटांना रक्त न पोचणं, हे बर्जर आजाराचं चित्र आहे. यात घोट्याच्या वरच्या धमन्या चांगल्या असू शकतात, म्हणून एबीआय नॉर्मल येऊन फसवतो. बोटांचा दाब पाहावा लागतो. तंबाखू पूर्ण सुटली नाही तर कुठलाच उपचार टिकत नाही. "कमी केली" चालत नाही.

कुणाचाही पाय अचानक गार, पांढरा, दुखरा आणि हलवता येईनासा झाला तर कामाचे तास साधारण सहाच असतात. तालुक्याला थांबण्यापेक्षा रक्तवाहिन्यांचं ऑपरेशन होतं अशा ठिकाणी थेट निघा, वाटेतून फोन करा.

१४. बायोथेसिओमीटरवर ३० व्होल्ट आलं, पण कोजागरीला तुळजापूरला अनवाणी चालत जायचा नवस आहे.

अनवाणी नको. डांबरावर फोड आला तरी कळणार नाही आणि चालत राहाल. नवस देवीचा आहे, चपलेचा नाही, असं घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून पाहा. आधी वापरून मऊ झालेले बूट, शिवण नसलेले सुती मोजे, दर दोन तासांनी बसून दोन्ही तळपाय आरशात किंवा सोबत्याला दाखवून पाहणं. पायाला आधीच जखम असेल किंवा एबीआय ०.९० च्या खाली असेल तर गाडीनं जा. मुक्कामाला गरम पाण्यात पाय बुडवायचे असतील तर पाण्याचा अंदाज कोपरानं घ्या, पायानं घेऊ नका.

१५. वडिलांचं बीपी झोपून १७०, उभं राहून ११०. बीपीची गोळी द्यायची की नाही?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. गोळी वाढवली तर ते पडतात, बंद केली तर रात्रभर बीपी चढलेलं राहतं. म्हणून दवाखान्यात नुसतं बसून घेतलेल्या बीपीवर गोळी ठरवू देऊ नका. झोपून-उभं असे दोन्ही आकडे, सकाळ आणि रात्र, सात दिवस वहीत लिहून न्या. कुठली गोळी कोणत्या वेळी, हे त्या वहीवरून ठरतं.

तोवर पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा आडव्या ठेवा, साधारण १५ सेंटिमीटर उंची मिळते. नुसत्या उशा वाढवून उपयोग नाही, त्यानं फक्त मान वाकते. दुपारी जेवणानंतर लगेच उठू देऊ नका, तेव्हा बीपी जास्त पडतं. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी अर्धा लिटर साधं पाणी पाच मिनिटांत प्यायला द्या, प्रश्न ८ मधली किडनी-हृदयाची अट पाळून. थोड्या वेळात उभं राहिल्यावरचं बीपी बऱ्याच जणांत सावरतं. रात्री झोपताना मात्र हे पाणी देऊ नका.